टाकळ्याचा माळ

भाद्रपद लागला, टाकळ्याला पिवळी फुलं आली आणि माझं डोकं फिरलं. दरवर्षी फिरतं. खरं तर हे दिवस गौरी-गणपतीचे. घरोघर सारवणं चाललेली असतात, शाळेतली पोरं तेरडा आणायला रानात पळतात, भात पोटरीला आलेलं असतं. माणसाच्या मनात चार चांगले विचार यावेत असा हा काळ. आणि मी, त्या पोरांचा मास्तर, शहापुरातली शाळा सुटल्यावर सापगावच्या वाटेने घरी येताना कडेच्या त्या फुलांकडे बघत एका मेलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत असतो. मेल्यामागे कुणाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही ठाऊक आहे. वर्गात मीच शिकवतो. शाळेचं आवार सोडलं की ते मला लागू नाही.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. माझ्या दौतीतली शाई त्या नावावर खर्च करायची माझी इच्छा नाही. गवताचा व्यापारी होता, तेव्हा गवतशेठ म्हणू. स्टेशनाजवळ त्याची वखार होती, वखारीत गवत दाबून गाठी बांधायचं यंत्र होतं, आणि त्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना जात. आमच्याकडे भात खाचरात आणि गवत माळावर. आमच्या गावाभोवतीचे बहुतेक माळ या ना त्या कागदाने त्याच्याकडे गेलेले होते.

पण कागद वेगळा आणि रीत वेगळी. दिवाळीच्या आगेमागे गवत कापलं, भारे उचलले, की माळ मोकळा. मग तिथे कुणाचीही गुरं चरोत, कुणीही गोवऱ्या थापो, कुणीही खेळो. पावसाळ्यात माळ मालकाचा, उरलेल्या दिवसांत गावाचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि आजोबांच्या आजोबांपासून कुणी मोडलेलंही नव्हतं.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. काशिनाथ माझा दोस्त, आसनगाव स्टेशनात सांधेवाला. कल्याणला रेल्वेच्या लोकांचा फुटबॉल बघून बघून त्याला वेड लागलं, आणि त्यांनी टाकून दिलेला एक चेंडू तो घेऊन आला. चेंडू कसला, चामड्याची गोधडीच ती. फुगवला की एका बाजूला पोट काढायचा आणि मारला की जिकडे पोट तिकडे जायचा. आम्ही अकरा जण विशीतले, सगळे भातशेतीवाल्यांच्या घरचे, सगळे अनवाणी. गवतशेठच्या कागदातल्या, रस्त्यालगतच्या एका माळाच्या दोन टोकांना ऐनाचे खांब रोवले, वर काथ्याची दोरी बांधली आणि क्लब सुरू झाला.

माळावर दगड मात्र असे की पहिल्याच आठवड्यात तिघांच्या अंगठ्यांची नखं गेली. तेव्हा आम्ही ठरवलं, आधी वेचायचे, मग खेळायचं. दोन हिवाळे वेचले. रोज सकाळी शेतावर जायच्या आधी टोपलीटोपलीने दगड उचलून माळाच्या कडेला टाकायचे. मोठे धोंडे पहारीने उकरले, खड्ड्यांत माती भरली, पाणी मारलं, चोपण्याने चोपलं. कडेला दगडांचा असा लांबच लांब गडगा झाला की बघायला येणारे लोक त्यावर बसायचे. मुरबाडच्या क्लबवाल्यांनी आम्हाला नाव ठेवलं, ‘दगडवेचे’. चिडवायला ठेवलं होतं. आम्ही तेच क्लबचं नाव करून टाकलं.

गवतशेठ कधीकधी आपल्या बैलांच्या दमणीतून त्या रस्त्याने जायचा. दमणी थांबवायचा, आमच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “वेचा, वेचा. चांगलं काम करताय.” आम्हाला काय आनंद व्हायचा! एवढा मोठा माणूस आपलं कौतुक करतो म्हणून काशिनाथ तर त्या दिवशी दुप्पट टोपल्या उचलायचा. आज ते ‘वेचा, वेचा’ आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात मुरबाडच्या क्लबशी आमचा आमच्या माळावरचा पहिला सामना ठरला. तोवर आम्हीच त्यांच्याकडे जात होतो आणि मार खाऊन येत होतो. ते दोन बैलगाड्या जोडून पहाटेच निघालेले. माझ्या बाबांना आम्ही नारळ फोडायला बोलावलं होतं. बाबा म्हणजे दोन शब्दांत बोलणारा माणूस. भात लावायचं, भात कापायचं, आणि कुणी काही विचारलं तर ‘बघू’ म्हणायचं. पण त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला, डोक्याला नीट पागोटं बांधलं, आणि पिशवीत नारळ घेऊन माझ्याबरोबर चालत आले. वाटेत एकदा म्हणाले, “दगड चांगलं वेचलंत रं.” त्यांच्या तोंडून माझ्या खेळाबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य.

माळावर पोचलो तर समोर गवताच्या गंज्या. एक नाही, सात. गोलाच्या खांबांमध्ये एक, मधोमध तीन, बाकीच्या पसरलेल्या. गडी आणखी भारे उतरवत होते. शेठ दमणीत बसून बोटाने जागा दाखवत होता. दगडधोंडा नाही, खळगा नाही, रस्त्याला लागून. गंज्या रचायला याहून चांगली जागा सगळ्या तालुक्यात नव्हती. का नव्हती ते आमच्या अंगठ्यांना विचारा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा दमणीतून येतो.

मी पुढे झालो आणि म्हणालो, “शेठ, गवत कापून झालं. आता माळ मोकळा असतो.”

शेठने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो तेवढ्यात गाड्यांतून उतरलेल्या मुरबाडच्या पाहुण्यांकडे बघून हसला आणि म्हणाला, “ऐका यांचं. हा माळ काय यांच्या बापाचा आहे?” मग त्याचं लक्ष बाबांकडे गेलं. त्याने मान वळवली, आणि अगदी आदराने, हो, आदराने विचारलं, “काय हो, तुमचा आहे का?”

सगळे बघत होते. आमचे अकरा, त्यांचे अकरा, गडग्यावर बसलेला सगळा गाव.

“नाय शेठ,” बाबा म्हणाले.

त्यांनी हातातला नारळ परत पिशवीत टाकला आणि आले तसे चालत घरी गेले. मुरबाडच्या लोकांना आम्ही आमच्या ओट्यावर जेवायला घातलं. त्यांचा कप्तान सज्जन माणूस, भात कालवताना मान वर करत नव्हता. आई वाढत होती. बाबा गोठ्यात बैलाला खाजवत उभे होते, ते पाहुणे जाईपर्यंत आत आले नाहीत. त्या दिवशी मी मनाशी शपथ घेतली की हा माळ परत घेईन आणि बाबांना त्याच जागेवर, त्याच गावासमोर, मानाने उभं करीन. मला चेंडू, गोल, क्लब यातलं काहीही नको होतं. एवढंच हवं होतं.

शपथ घेणं सोपं असतं. शेठशी भांडायचं कशाच्या जोरावर? कागद त्याचा, वखार त्याची, आणि अर्धा गाव त्याच्या गवतकापणीवर जाणारा. गंज्यांना काडी लावावी असं काशिनाथ म्हणत होता. पण आग लागली की पहिल्यांदा आमच्याच मागे शिपाई आले असते, आणि शेठने दुसऱ्या वर्षी पुन्हा गंज्या रचल्या असत्या. एका दिवसात जळून जाईल असा सूड मला नको होता. वर्षानुवर्षं वाढेल असा हवा होता.

तो सापडला म्हसा गावच्या जत्रेत. पौषात आम्ही दोघे बैल बघायला गेलो होतो. तिथे वैशाखरे गावचा एक म्हातारा आपला खोंड विकायला घेऊन बसला होता. चांगला खोंड का विकतोस, विचारलं तर म्हणाला, “चारू काय त्याला? माळात टाकळा शिरला ना. गवात दाबून टाकला त्यानं. नि टाकळ्याला गुरं तोंड लावीत नाय.”

“उपटायचा मग,” काशिनाथ म्हणाला.

“उपटशील किती? बी बारा वर्सं निजून ऱ्हातो जमिनीत. तुमी इसरता, तो नाय इसरत.”

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. मी काशिनाथकडे पाहिलं. त्यानंतर आम्ही एकही बैल बघितला नाही.

पुढचा महिनाभर अकरा जण टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा करत होते. रस्त्याच्या कडा, बांध, देवळामागची पडीक जागा, सगळीकडे. शेंग बारीक, विळ्यासारखी वाकलेली. चोळली की आतून तांबूस, टणक, चकचकीत बी निघतं. घरी सुपात बी पाखडत बसलो होतो तेव्हा आईने विचारलं, “कशाला रे येवढा?” मी म्हणालो, काशिनाथला नायटा झालाय, त्यावर वाटून लावायचंय. आईने सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चुलीकडे गेली.

वैशाखापर्यंत शेठचं गवत मुंबईला गेलं, गंज्या उठल्या, माळ मोकळा झाला. आता रीतीप्रमाणे आम्हाला कुणी अडवू शकत नव्हतं. आम्ही भर सकाळी खेळायला गेलो. प्रत्येकाच्या चड्डीच्या दोन्ही खिशांत बी, आणि खिशांना खालून भोकं. धावलं की बी गळायचं. त्या आठ दिवसांत चेंडूकडे कुणाचं लक्षच नव्हतं; जिथे अजून बी पडलं नाही तिकडे सगळे पळायचे. शेठचा राखणदार झाडाखाली बसून बघत असे. न राहवून एकदा ओरडला, “अरे, चेंडू तिकडं नि तुमी हिकडं का पळता?”

“नवा डाव हाय!” काशिनाथ ओरडला.

मी पुढे पुष्कळ गोल केले, पण त्या आठ दिवसांत जो आनंद झाला तो गोल करून कधी झाला नाही. एकेक बी पडताना मी मोजत नव्हतो, पण मनात म्हणत होतो: हे ‘बापाचा आहे का’साठी, हे ‘काय हो’साठी, हे त्या हसण्यासाठी. सूड गोड असतो असं कुणी उघड म्हणत नाही. मी म्हणतो. फार गोड असतो.

आषाढात टाकळा वर आला. आणि झालं काय, तर सगळ्या गावाच्या बायका टोपल्या घेऊन माळावर! कोवळ्या टाकळ्याची भाजी, लसणाची फोडणी, बरोबर तांदळाची भाकरी. आमचा अर्धा सूड गावाने खाऊन टाकला. आमच्याही घरी शिजला. बाबांनी दोनदा भाजी मागून घेतली. मी ताटावर बसून दातओठ खात होतो, आणि भाजी बरी झाली होती हेही खरं.

तरी उरला तो वाढला. दुसऱ्या वर्षी त्याहून वाढला. गंज्यांच्या जागी, जिथे बैलांचं शेण पडलं होतं, तिथे तर गुडघ्यापर्यंत. गवत कापताना विळ्यात टाकळ्याची जाड काष्ठं येऊ लागली आणि गाठींत जाऊ लागली. मुंबईच्या तबेल्यांतून गाठी परत आल्या. शेठ कापणाऱ्यांवर ओरडला, कापणाऱ्यांनी रानावर ढकललं. मग त्याने टाकळा उपटायला बायका लावल्या. आणि त्या बायकांत माझी आई निघाली.

हे मात्र मी धरलं नव्हतं. ती संध्याकाळी परत यायची तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत काळे झालेले असत आणि अंगाला टाकळ्याचा तो उग्र वास. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. बी मी टाकायचं आणि उपटायचं माझ्या आईने, तेही त्याच माणसाच्या मजुरीवर! दोन-तीनदा ओठांवर आलं की आये, जाऊ नकोस. पण मग का ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी तो रागही शेठच्याच नावावर टाकला. माझ्या रागाला तेवढा एकच पत्ता माहीत होता.

नवल म्हणजे उपटूनही टाकळा हटेना. उलट पुढच्या वर्षी दाट आला. माळ कसला, टाकळ्याचं शेतच झालं ते. मी काशिनाथला म्हणायचो, बघ, काय बी निवडलं होतं आपण! चौथ्या वर्षी शेठने तिथलं गवत घेणंच सोडलं आणि गंज्या स्टेशनाकडच्या जागेत हलवल्या. एकदा रस्त्यात दमणी थांबवून मला म्हणाला, “खेळा आता काय खेळायचं ते. त्या माळात काही राहिलं नाही.” मी म्हणालो, “बरं.” बरं! चार वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला आणि माझ्या तोंडून ‘बरं’ निघालं. ‘हे मी केलं’ असं त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. पण तेव्हा मला शाळेत नोकरी मिळायची होती आणि शेठचा शब्द सगळीकडे चालायचा. मी भ्यालो. सूड घ्यायचा आणि ज्याच्यावर घेतला त्यालाच कळू द्यायचा नाही, म्हणजे पत्र लिहून ते खिशातच ठेवण्यासारखं झालं.

माळ आमचा झाला. आम्हीच टाकळा उपटला, फुलावर यायच्या आधी, श्रावणात. तेव्हापासून क्लबचा तो नेमच आहे: जो श्रावणात उपटायला येत नाही तो हिवाळ्यात खेळत नाही. राहिलेली खुंटं पायात घुसायची, तरी खेळलो. मुरबाडचे लोक पुन्हा गाड्या जोडून आले. तोच सज्जन कप्तान होता, थोडा जाडा झालेला. सामना बरोबरीत सुटला. गडग्यावर सगळा गाव होता. मी खेळता खेळता सारखा रस्त्याकडे बघत होतो, शेठची दमणी येते का, आम्हाला खेळताना तो बघतो का. दमणी आली नाही. आणि बाबाही आले नाहीत.

ते त्या माळावर पुन्हा कधीच आले नाहीत. मानी माणूस. ‘नाय शेठ’ हे दोन शब्द ज्या जागी बोलावे लागले तिथे पाय कसा ठेवतील? मीही कधी विषय काढला नाही. लढाईच्या दिवसांत शेठ मुंबईत वारला. स्वराज्य आलं त्या वर्षी बाबा गेले. माझी शपथ अर्धी राहिली, आणि ती अर्धी राहिली त्याचा दोष मी शेठवर ठेवला आहे. माळ परत मिळाला, पण त्याने माझे बाबा त्या माळापुरते मारून टाकले ते टाकलेच. म्हणून भाद्रपदात टाकळा फुलला की मी शिव्या घालतो.

यंदाही घालतच घरी आलो. आई ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसली होती. आता तिला कमी दिसतं, पण वाल सोलायला डोळे लागत नाहीत. काय वाटलं कोण जाणे, मी तिच्याजवळ बसलो आणि एवढ्या वर्षांनी सांगून टाकलं.

“आये, माळावरचा तो टाकळा आम्ही पेरला होता.”

“म्हायत हाय,” आई म्हणाली. “काशिनाथला नायटा काय माळभर झालेला?”

“मग तू उपटायला का गेलीस? माझा जीव तुटायचा तुझे हात बघून.”

“उपटाया कोन गेला?” आई हसली. “तुमचा बी मूठभर. पयल्या वर्साला आमीच भाजी करून खाल्ला. शेठ भादव्यात बोलवायचा, आमी जायचो नाय. भाताची बेणणी हाय, गौरी हायत, पोर आजारी हाय. शेंग वाळली का मंग जायचो. उपटायचो नि मुळाची माती झाडाया आपटायचो. माती कसली, शेंगा फुटायच्या. व्यापारी माणूस तो, त्याला काय कळतोय? पंधरा बायका व्हतो आमी. तुमी काय पेरलात? पेरला तो आमी.”

ज्या सुडावर मी मनातल्या मनात इतकी वर्षं मिरवलो त्यात माझा वाटा मूठभर बी. तरी माझं दुखणं निराळंच होतं. मी म्हणालो, “पण त्याला कळलं नाही ना शेवटपर्यंत. तसाच मेला तो.”

“कोन बोलला? मीच सांगितला त्याला. बोलला, माळाला कुनाची दिष्ट लागली. मी बोलले, दिष्ट नाय शेठ, हात लागला. माजा. तू माज्या घोवाला इचारलास ना चारचौघांत, तुमचा हाय का? मंग बघ आता कुनाचा हाय तो.”

“मग?”

“मंग काय? दमणीत बसला नि गेला. त्या वर्साला गंज्या उचलल्या.”

खोटं कशाला सांगू, मी उठून उभा राहिलो. त्याला कळलं होतं! माझ्याकडे दमणी थांबवून बोलला तेव्हा त्याला ठाऊक होतं, आणि मरेपर्यंत ठाऊक होतं. हा आनंद मला बारा वर्षं उशिरा मिळाला, पण मिळाला. दोन घटका मी ओट्यावर येरझाऱ्या घातल्या. मग आठवलं आणि विचारलं, “बाबांना माहीत होतं हे?”

“त्याच सांजेला सांगितला. हासले. कवा नाय ते मोठ्यांदा हासले.”

“मग ते माळावर का नाही आले? एवढा मुरबाडचा सामना झाला, सगळा गाव आला. त्यांचा राग गेला नव्हता का?”

आई वाल सोलतच होती. सोललेले एका ताटात, सालं दुसऱ्या.

“राग कसला? धुतलेला सदरा घालून बसले व्हते ना हितं, ओट्यावं. बोलले, पोरगा बोलवाया येल. तू समोरनंच गेलास, चेंडू घेऊन.”

समोरूनच गेलो होतो मी. ओट्याकडे पाहिलं नाही, कारण माझी नजर तेव्हा रस्त्यावर होती, शेठची दमणी येते का ते बघत.